गिरिजव्वाला तिच्या भाषेत मारलेली हाक

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एखाद्याला आपण जीव तोडून हाक मारली, अगदी घसा बसेपर्यंत! आणि ती त्याला ऐकूच गेली नाही. तर चूक कुणाची? त्याची? की आपली?

बरं, मग ऐका!

संगमनेरजवळ इंदुमती साळवे नावाच्या बाई निराधारांचा आश्रम चालवतात. पूर्वीच्या नर्स. वाट चुकलेल्या, भान हरपलेल्या बायांना घरी आणून न्हाऊमाखू घालतात. चार-पाच वर्षांपूर्वी बसस्टँडवर त्यांना एक म्हातारी सापडली. कानडी बोलायची. स्वतःचं नाव सांगायची, गिरिजव्वा. गाव? आठवत नाही! पोलिसांत कळवलं, दोन वर्षं पत्ता लागेना. आणि म्हातारी रोज फाटकाशी जाऊन उभी!

इंदुताईंच्या जिवाला घोर लागला. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या यास्मिन मुल्लाने आश्रमाची वेबसाइट केली. फोटो, नाव, वर्णन, सगळं मराठीत. वर एक बटण — दाबलं की मजकूर कानडीत! भाषांतर कुणी केलं? यंत्राने! झालं काम, असं वाटलं.

वर्ष गेलं. एक फोन नाही!

यास्मिन हट्टी पोर. तिने यंत्राकडूनच कानडी शब्द घेऊन मोबाइलवर शोधून पाहिलं. शंभर पानं आली, आश्रमाचं एकही नाही! मग तिच्या ध्यानात आलं — अहो, बटण दाबल्यावर अक्षरं बदलतात, पण पानाचा पत्ता तोच! सर्च करणारं यंत्र काय बटण दाबत बसतं? त्याला दिसतं फक्त मराठी!

ती धावत गेली सरकारी दवाखान्यातल्या हिरेमठ सिस्टरकडे. त्या मूळच्या विजापूरच्या. "सिस्टर, यंत्राने केलेलं एवढं कानडी वाचा ना, बरोबर आहे का?"

सिस्टरनी वाचलं, आणि हसून हसून खुर्चीत बसल्या. "अगं, इथं लिहिलंय, 'वृद्ध महिला उपलब्ध आहे'! दुकानातला माल आहे का गं?"

हसताय? हसा! पण सिस्टरचं हसू लगेच थांबलं. म्हणाल्या, "यास्मिन, आमच्याकडे आई हरवली तर लेक 'वृद्ध महिला' शोधत नाही. ती शोधते, 'अव्वा हरवली'. तसं लिही. आणि फोन नंबर माझा दे. कानडीत बोलणारं कुणीतरी पाहिजे ना पलीकडे!"

आता लागल्या दोघी कामाला! कानडी पानाला स्वतंत्र पत्ता. शीर्षक कानडीत, फोटोखालची ओळसुद्धा कानडीत. आणि प्रत्येक पानात सर्चसाठी खूण — हे मराठी पान, हे त्याचंच कानडी रूप, ज्याला जे कळेल ते त्याला दाखव!

सतराव्या दिवशी सिस्टरचा फोन वाजला. पलीकडची बाई आधी रडलीच. मग म्हणाली, "मी नीलव्वा. बागलकोटकडची. तो फोटो... ती माझी अव्वा आहे!" तीन वर्षं ती लेक मोबाइलवर तेच दोन शब्द लिहीत होती, मंडळी! तीन वर्षं!

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलव्वा आश्रमात उतरली. इंदुताईंच्या मनात एकच — म्हातारी लेकीला ओळखेल का? गिरिजव्वाने डोळे बारीक केले. लेकीच्या दंडाला हात लावला, आणि कडाडली! सगळे घाबरले. "काय म्हणाली? काय म्हणाली?"

सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणते — किती वाळलीस! जेवत नाहीस का?"

वा रे माउली! गावाचं नाव विसरली, पण लेकीची काळजी? ती नाही विसरली!

इंदुताईंनी लेकीची ओटी भरली, मायलेकींना निरोप द्यायला अख्खा आश्रम फाटकापर्यंत आला. पुढे तेलुगू पान झालं, गुजराती झालं, प्रत्येक पान त्या त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घेतलेलं. त्या वर्षात अकरा जणी घरी गेल्या. अकरा!

आता तुमच्याकडे वळतो, निसटू नका! गावाबाहेर वीटभट्टीवर परमुलखातली माणसं आहेत. आपल्या देवळाच्या मोफत दवाखान्याची पाटी कुठल्या भाषेत आहे? मराठीत! आणि वर आपण म्हणतो, "ते लोक येतच नाहीत!" कसे येतील हो? उद्या सकाळी भट्टीवर जा, त्यांच्यातल्याच एकाला विचारा, "पोर तापलं तर तुमच्याकडे काय म्हणतात?" तो सांगेल तेच शब्द पाटीवर घाला, आणि ती पाटी त्यांच्या वाटेवर लावा!

जाणार ना? मग हात वर करा! अरे वा, मागचेसुद्धा! बोला, घरी पोहोचलेल्या प्रत्येक माउलीचा — जयजयकार!