पोहे खा आता

अरे भिया, आमच्या बाबांचं ऐक. मी बास्केटबॉल खेळायचे तेव्हा माझं काम एकच, समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी पोरीला चिकटून राहायचं आणि तिला पॉइंट करू द्यायचे नाहीत. घरी आले की बाबा विचारायचे, "किती पॉइंट केलेस?" मी म्हणायचे, "एकही नाही." मग ते हळूच म्हणायचे, "असू दे, पोहे खा आता." त्यांना वाटायचं, पोरगी नुसतीच पळत असते.

आता मी विजय नगरात पोरींना बास्केटबॉलचं कोचिंग करते. परवा बाबा मला डबा द्यायला आले होते, तेवढ्यात एक बाई मुलीचं नाव नोंदवायला आली. मला बघून थबकलीच. "आप वोही हो ना? फाइनल में मेरे पीछे पड़ी थीं." भोपाळच्या टीमची स्टार होती ती.

बाबांनी सवयीनं विचारलं, "कितने पॉइंट बनाए थे आपने?"

"सेकंड हाफ में एक भी नहीं, अंकल. इनने बनाने ही नहीं दिए. इसीलिए तो बेटी को इनके पास लाई हूँ."

बाबा माझ्याकडे वळले. "हे घरी कधी सांगितलं नाहीस?"

म्हटलं, "बाबा, तुम्ही नेहमी माझेच पॉइंट विचारायचात."