साहेब, काही करू नका

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कार्यालयाचे नवे प्रमुख, मुख्यालयातून आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले साहेब, साहेबांना इतकी वर्षं आम्हाला उसने देणाऱ्या वहिनी, आणि खाणं शेवटी आहे हे माहीत असूनही सुरुवातीपासून हजर राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांच्या कारकिर्दीबद्दल माझ्याआधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. पाणीपुरवठ्याच्या या कार्यालयात त्यांनी एकही तक्रार टेबलावर झोपू दिली नाही, हे खरंच आहे. मी आवक-जावक विभागात बसते. मी बोलणार आहे साहेबांच्या दुसऱ्या नोकरीबद्दल. ती त्यांनी दर रविवारी, बिनपगारी आणि माझ्या हाताखाली केली. ‘हाताखाली’ हा शब्द त्यांचा. मी फक्त नाही म्हटलं नाही.

मी सिनेमा करते आहे हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. स्वतंत्र सिनेमा. स्वतंत्र म्हणजे कसला, असं पाहुण्यांच्या मनात आलं असेल. ज्याला निर्माता नाही, स्टुडिओ नाही आणि ज्याची कुणी वाट बघत नाही, तो स्वतंत्र. त्याचा फायदा असा की शेवट बदला म्हणून कुणी मागे लागत नाही. तोटा असा की दिवे कोण धरणार, हेही कुणी सांगत नाही.

माझी गोष्ट साधी आहे. एका अधिकाऱ्याचा नोकरीतला शेवटचा दिवस. सकाळी कार्यालय उघडतं, संध्याकाळी निरोप समारंभ होतो, सिनेमा संपतो. एकच दिवस, एकच जागा, हेच सभागृह आणि बाहेरची खोली. मला वाटलं, किती सोपं! पण आम्हाला मोकळे फक्त रविवार, आणि तेही ज्या रविवारी कुणाकडे बारसं नाही असे. तो एक दिवस चित्रित करायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

मुख्य भूमिकेला नट मिळेना. साहेब म्हणाले, “शाळेत मी राजाचं काम केलं होतं.”

मी म्हटलं, “साहेब, यात अधिकारी आहे.”

“तेही रोज करतोच की!”

आता, गोष्ट एका दिवसाची म्हटल्यावर दीड वर्ष काहीही बदलून चालणार नव्हतं. साहेबांची मिशी बदलायची नाही. भिंतीवरचं कॅलेंडर एकाच महिन्यावर थांबवलं. आमच्या लेखापाल भाऊंनी ते बघून दाताच्या डॉक्टरांची वेळ ठरवली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, “या तारखेला हा वार तुम्ही आणलात कुठून?” आणि साहेबांचा शर्ट एकच. वहिनी तो दर आठवड्याला धुवायच्या. त्यामुळे सिनेमात साहेब सकाळी गडद निळे असतात आणि संध्याकाळपर्यंत आकाशी होतात. एखादा समीक्षक यात खोल अर्थ शोधेल, याची मला पूर्ण खात्री आहे.

सगळ्यात मोठं संकट आलं रंगाचं. या भिंती बघा. हा हिरवा रंग, हे पोपडे. सगळा सिनेमा याच भिंतींसमोर झालाय. आणि मध्येच मुख्यालयाचा आदेश आला, कार्यालय रंगवा. ठेकेदार डबे घेऊन हजर. साहेब म्हणाले, “ठेवा कोपऱ्यात.” महिन्याने तो पुन्हा आला. “भिंतीला ओल आहे, वाळू दे.” उन्हाळ्यात पुन्हा आला. “साहेब, आता तर डब्यातला रंगसुद्धा वाळला!” साहेब शांतपणे म्हणाले, “मग घाई कसली?” मुख्यालयाच्या पाहुण्यांना विनंती, हा भाग कानाआड करावा.

शेवटी उरला एकच प्रसंग. निरोप समारंभाचा. त्यात अधिकाऱ्याला एकही वाक्य नाही. लोक बोलतात आणि तो बसून ऐकतो. बस्स. हा प्रसंग साहेबांना जमेना. मी “सुरू” म्हटलं की त्यांच्या अंगात शाळेतला राजा यायचा. हात छातीवर, नजर छताकडे.

“साहेब, काही करू नका.”

“काही करू नको म्हणजे नेमकं काय करू?”

“नुसतं बसा.”

“बसलोच आहे. पण प्रेक्षकांना कळायला नको?”

वहिनी कोपऱ्यातून म्हणायच्या, “घरी तर काही न करता तासन्‌तास बसता. तिथे बरं जमतं!”

शिवाय समारंभाला गर्दी हवी. रविवारी येणार कोण? आम्ही तीच माणसं स्वेटर बदलून पुढे-मागे बसवली. पडद्यावर ते जुळ्यांचं संमेलन वाटलं.

गेल्या रविवारी मी साहेबांना सांगितलं, हा प्रसंग गाळूया. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे मला जमलं नाही,” म्हणाले. वाद घातला नाही. जाताना स्वतः खुर्च्या जागेवर लावल्या. मुख्यालयाची बोलणी खाऊन ज्या माणसाने माझ्यासाठी भिंती राखल्या, तो आपण नापास झालो असं समजून घरी गेला. आणि मी जाऊ दिलं. कारण खरं सांगितलं असतं, तर आज पुन्हा राजा आला असता.

साहेब, प्रसंग गाळलेला नाही.

मागे पाण्याच्या पिंपाशी माझा धाकटा दीर उभा आहे. त्याच्या हातात आहे तो कॅमेरा. समारंभाची चित्रफीत काढतोय असं आपण सर्व समजलात, आणि ते खोटं नाही. नव्या साहेबांची परवानगी मी सकाळीच घेतली. उद्यापासून रंगकाम आहे, एवढंच ते म्हणाले. ज्या कुणाला सिनेमात दिसायचं नसेल त्यांनी जाताना मला सांगावं, आम्ही तुम्हाला वगळू. आणि वहिनींनी आज नवा शर्ट ‘सापडत नाही’ असं सांगून साहेबांना तोच आकाशी शर्ट का घालायला लावला, तेही आता कळलं असेल.

साहेब, मघापासून, माझ्याआधीचे सगळे बोलत होते तेव्हापासून, तुम्ही पुष्पगुच्छाची फीत बोटाला गुंडाळत होतात आणि सोडत होतात. एकदा वहिनींकडे बघितलंत. एकदा घड्याळाकडे, उशीर झालाय का म्हणून नव्हे, तर अजून थोडा वेळ आहे ना म्हणून. तुम्ही काहीच करत नव्हतात. जमलं, साहेब. एकाच टेकमध्ये.

नाही, आता कॅमेऱ्याकडे बघू नका... बघितलंत. असू द्या.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी नकळत फुकट काम केलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. माझं भाषण दुसऱ्यांदा घ्यायला इथे कुणीच तयार होणार नाही.

यानंतर साहेब सत्काराला उत्तर देतील. साहेब, या. कॅमेरा बंद केलाय. आता हवा तेवढा अभिनय करा.