आधी अंघोळ, मग तलाव

विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात चहाच्या रांगेत क्रीडा विभागप्रमुख उभे होते. पुढे पोहण्याच्या तलावावर काम करणाऱ्या दोन विद्यार्थिनी गप्पांत रंगल्या होत्या. आपला विषय निघताच विभागप्रमुखांनी कान टवकारले.

"यंदाची उत्कृष्ट विद्यार्थी कर्मचारी मीच, बघ."

"स्वप्नं बघ! परवा अंघोळ न करता उतरलेल्या साहेबांना तू चारचौघांत तलावाबाहेर काढलंस."

"दोनदा काढलं."

"अगं, ते विभागप्रमुख होते!"

"ठाऊक होतं की."

"निवड तेच करतात, बाई! तुझं नाव कटलंच समज."

"कसं कटेल? आधी अंघोळ, मग तलाव. तलावाशी लावलेल्या त्या पाटीवर सही त्यांचीच आहे."

मागून विभागप्रमुख खाकरले.

"पेन आहे का गं कुणाकडे? यादीतलं एक नाव खोडलंय, ते परत लिहायचंय."