आसरांची ओटी आणि हळदीकुंकवाचं पाखरू

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्ही मात्र कान टवकारा — आजची गोष्ट तुमच्याच वाद्याची आहे!

आधी एक सवाल. आपण देवाला जे वाहतो, ते खातं कोण?

बोला, बोला! ...ते बघा, मागून कुणी तरी म्हणालं, "गुरव!" अहो, गुरवकाका पहिल्याच रांगेत बसलेत, जरा जपून! नाही, नारळ वाहिला नि खोबरं घरी आलं, ते सोडा. जे परत येत नाही त्याचं विचारतो. पाण्यात सोडलं, हात जोडले, "पोचलं बरं का देवाला" म्हणून पाठ फिरवली — ते पुढं गेलं कुठं? पडलं कुणाच्या तोंडात?

कधी विचारलंत? नाही ना? लिंबाजीनंही नव्हतं विचारलं!

डोळे मिटा, म्हणजे आसरखेड दिसेल. कोसभर पसरलेलं तळं. पहाटे त्याच्यावर असं धुकं, की पाणी कुठं संपलं नि आभाळ कुठं लागलं ते सांगता यायचं नाही! तळ्याच्या उगवतीला पाण्यात सात शेंदरी दगड. त्या साती आसरा. पाण्यातल्या बहिणी! आणि त्या दगडांभोवती दिवसभर पोहणारी बदकं. कसली बदकं? चोचीच्या टोकाला पिवळं, कपाळापाशी दोन लाल ठिपके. हळद नि कुंकू! लोक त्यांना हळदीकुंकू बदकंच म्हणतात. आसरखेडच्या बाया म्हणायच्या, "आसरांच्या लेकी गं त्या, माहेरी आल्यात." तळ्यातलं एक पाखरू कुणी कधी मारलं नाही.

या तळ्यावर लिंबाजी भोई जाळं फेकायचा. आणि फेकायचा कसा! खांद्यावरनं हात फिरला की जाळं हवेत उमलायचं — जणू पाण्यावर कुणी पदर झटकला! आणि संध्याकाळी तोच हात देवळात मृदंगावर. बोटं पडली की म्हाताऱ्यांच्याही माना डोलायच्या.

आता जाळं बुडतं कशानं? त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात म्हणून! लिंबाजी घरीच, चुलीपुढं बसून, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा. तुरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या पाडायचा, त्यांना चीर द्यायचा, चिरेत दोरी घालायचा, नि मग — कचकन् दातानं दाबायचा! एकेक गोळी. एका जाळ्याला तीनशे! गावातल्या साऱ्या जाळ्यांना गोळ्या लावायला लिंबाजीच. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटका होता, त्यामुळं त्यानं दाबलेल्या गोळीवर एक वाकडी खूण उठायची. गावात म्हणायचे, "लिंबाजीचा शिक्का!"

आणि आसरखेडात एक रीत होती. जाळं म्हातारं झालं की नुसतं टाकायचं नाही. काठाच्या गोळ्या सोडवायच्या, तांदळात मिसळायच्या, वर हळदकुंकू, नि आसरांच्या दगडांपाशी पाण्यात सोडायच्या. जाळ्याची ओटी! "बायांनो, तुमच्या पाण्यानं आम्हाला पोसलं, हे तुमचं तुम्हाला." किती गोड रीत, सांगा! यात कुणाचं काय चुकलं?

थांबा. ऐका.

कार्तिक लागला. देवळात काकडा सुरू झाला. गार पहाट, समईची वात, सगळं अर्धं झोपेतलं नि अर्धं देवातलं — आणि लिंबाजीचा उजवा हात चुकला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. बोटं पडायची तिथं मनगटच खाली पडायचं!

एक टाळकरी हसला. "काय लिंबाजी, तू उठलास नि हात अंथरुणातच राहिला व्हय?"

लिंबाजीही हसला. पण मंडळी, घरी येऊन त्यानं हात समोर धरला. मनगट वर उचलायला गेला. उचलेना! ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं. पोटातही अधूनमधून कळ यायची. त्यानं कुणाला सांगितलं नाही. जाळ्याचा हात गेला तर डाव्यानं फेकीन, पण मृदंगाचा हात गेला तर देवापुढं काय घेऊन बसू? हीच एक धास्ती त्याच्या उरात बसली.

पौषातल्या एका सकाळी तो तळ्यावर गेला. धुक्यात आसरांच्या दगडापाशी एक हळदीकुंकू बदक बसलेलं. लिंबाजी जवळ गेला — उडेना. आणखी जवळ — तरी उडेना! दोन्ही पंख छपराच्या वळचणीसारखे खाली आलेले, मान पाण्याला टेकायला लागलेली. माणसाची चाहूल लागली की पाणी फोडत उडणारं पाखरू ते, आपल्या पायांनी त्याच्या ओंजळीत आलं!

त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. त्याच्या बायकोनं, सगुणानं, टोपलीखाली ठेवलं, पाणी पाजलं. आणि पंखाकडं बघता बघता तिची नजर नवऱ्याच्या हाताकडं गेली.

"काय गं?"

"आवो... ह्याचा पंख बघा, नि तुमचा हात बघा. एकाच माळंचे मणी दिसत्यात."

"गप बस! पाखराशी बरोबरी करतीस नवऱ्याची?"

"बरोबरी न्हाई करत. भ्या वाटतंय म्हणून बोलते. मला काय ताट सरकवताना दिसत न्हाई व्हय? महिना झाला, डाव्या हातानं जेवताय!"

बायकांपासून काही लपतं का हो? तुम्ही लपवून बघा!

दुसऱ्या सकाळी पाखरू गेलं. त्याच दिवशी गावात जनावरांना लस टोचायला तालुक्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नसरीनबाई. लिंबाजी मेलेलं पाखरू घेऊन रांगेत उभा राहिला, म्हशींच्या मागं! लोक हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले, पाखराचं पोट उघडलं.

"काका, पाखराला दात नसतात. ते बारके खडे गिळतं, नि पोटातल्या जात्यात त्या खड्यांवर दाणे दळतं. हे बघा त्याचे खडे."

स्टीलच्या वाटीत त्यांनी ते ओतले. टिण्... टिण्... टिण्... खड्यांचा असा आवाज येतो का? अकरा गोळ्या! दहा झिजून तांदळाच्या कणीएवढ्या झालेल्या. आणि अकरावी नुकतीच गिळलेली, न झिजलेली. तिच्यावर एक वाकडी खूण.

लिंबाजीची जीभ आपसूक त्या तुटक्या दाताकडं गेली.

"हे शिसं आहे," बाई म्हणाल्या. "पोटात दळलं जातं, रक्तात उतरतं, नि मग पंखाला वर उचलायचं बळच राहत नाही. तळ्यात किती शिसं आहे ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही काका. पण ही बदकं दिवसभर तोच चिखल चोचीनं चाळतात. जे चिखलात असेल, ते आधी त्यांच्या अंगात दिसतं. आपल्याला कळायच्या आधी ती सांगतात. फक्त—" बोलता बोलता त्यांचं लक्ष लिंबाजीच्या हाताकडं गेलं. "हात पुढं करा बघू. उजवा."

लिंबाजीनं हात पुढं केला. मनगट लोंबलं.

"तोंड उघडा. हिरडीवर ही निळी रेघ कधीपासून आहे?"

सगुणा म्हणाली, "मिश्रीची असंल, बाई."

"मिश्रीची नाही, मावशी. शिसं तोंडात धरता का, काका?"

लिंबाजीनं वाटीतली ती अकरावी गोळी दाखवली, नि मग स्वतःचा दात दाखवला.

मंडळी, बाईंनी त्याला शिशाला शिवायची बंदी केली नि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. औषध सुरू झालं, शिशाची कढई घराबाहेर गेली. "हात परत येईल का?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "येऊ शकतो. सावकाश. पण काका, तळ्यातलं शिसंही निघायला हवं, नाहीतर दर वर्षी ही पाखरं अशीच जातील."

तळ्यातलं काढायचं? म्हणजे ओटी? दिलेली ओटी परत उचलायची? तीही आसरांची! अहो, बहिणीला नेसवलेलं लुगडं कुणी मागं घेतं का? गावात नुसतं कुजबुजल्याबरोबर लोक कानावर हात ठेवायला लागले. "आसरा ओढून नेतील पाण्यात!"

एका दुपारी औषधानं लिंबाजीचा डोळा लागला. आणि स्वप्न पडलं.

तळं आहे. पण पाणी नाही, नुसतं धुकं, नि त्या धुक्यावर सात बाया पाय सोडून बसल्यात. ओल्या केसांच्या. हिरव्या लुगड्यांच्या. एकमेकींना कुंकू लावतायत. सहा जणींनी लावलं. सातवीनं करंडा घेतला, हात उचलला... नि मनगट लोंबलं. कुंकू सांडलं धुक्यावर. लाल लाल होऊन ते पसरलं, नि त्यात शेकडो पिलं पोहायला लागली, चोचीला हळद, चोचीला कुंकू, पण एकाचीही मान वर नाही.

लिंबाजी स्वप्नातच म्हणाला, "बाई, तुझ्या हाताला काय झालं?"

ती हसली. रागानं नाही. आई हसते तसं. "भाऊ, तू वाढलंस. आम्ही कधी आपल्या तोंडात घास घालतो का रे? ताटात पडेल ते आम्ही लेकरांना भरवतो."

बस्स. एवढंच!

ऐकलंत? देव स्वतः खात नाही. देव वाटतो! मग ताटात काय वाढतोय, ते वाढणाऱ्यानं नको बघायला?

लिंबाजी उठला तो थेट आवडाआजीकडं. नव्वदीची म्हातारी. आसरांची पूजा तिच्या घराण्याकडं. ती "नको" म्हणाली की संपलं. त्यानं स्वप्न सांगितलं, खुणेची गोळी सांगितली, नि हात पुढं धरला.

आजीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, "लिंबा, माझ्या सासूच्या वक्ताला जाळ्याला काय असायचं, ठावं हाय?"

"शिसंच की."

"कुठलं शिसं, मुडद्या! मातीचे मणी असायचे. भट्टीत भाजलेले. तेच ओटीला जायाचे. मातीतनं आले, मातीत गेले. पाखरानं गिळला तरी खडाच की तो! मग बॅटऱ्यांचं शिसं आलं, तुम्हाला सोपं झालं. रीत ऱ्हायली तीच, नि मणी बदलले. आन् आम्ही बसलो डोळं झाकून हात जोडत!"

"मग काढू का आजी?"

"तू न्हाई. तुला शिवायचं न्हाई सांगितलंय ना बाईनं? ओटी बाईमाणसानं भरायची, बाईमाणसानंच उतरवायची. चैतात पाणी उतरू दे. पहिली मी उतरते!"

आणि उतरली, मंडळी! चैत्रातली सकाळ, दगडांच्या कडेचा चिखल उघडा पडलेला. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, कमरेला पदर खोचून आवडाआजी चिखलात उतरली. बाकीच्या काठावर उभ्या. कुणाचा पाय उचलेना. आजीनं चाळणीत चिखल घेतला, खळबळला — तळाशी काळ्या गोळ्या! वर करून दाखवल्या नि ओरडली, "काय बघताय गं? तुमच्या लेकराच्या ताटात खडा आला तर असंच बघत बसता का?"

तिच्यामागं सगुणा उतरली. मग सगळ्या. एकीनं सूर धरला —

साती गं बहिणी, पदर सावरा,
दिलेलं उचलतो, राग आवरा...

आणि लिंबाजी? त्याला शिवायची बंदी. तो काठावर मृदंग घेऊन बसला. डाव्या पुडीला ओली कणीक लावली नि एकाच हातानं ठेका धरला. धूम्... धूम्... धूम्... उजवा हात मांडीवर निजलेला. तो घोष पाण्यावरनं जायचा नि पलीकडच्या काठावरनं परत यायचा, जणू पाण्याखाली कुणी साथ करतंय! सात दिवस चाळण्या चालल्या. दोन पत्र्याचे डबे भरले. नसरीनबाईंनी ते बंद करून तालुक्याला नेले. सगळं निघालं का? नाही हो. खोल पाण्यातलं अजून तिथंच असेल. पण दगडांपाशी निघालं. आणि त्या सालापासून आसरखेडात जाळ्याला मातीचे मणी आले. जाळं थोडं सावकाश बुडतं. बुडू दे!

पुढच्या कार्तिकात काकड्याला लिंबाजी मृदंगाजवळ बसला. त्यानं उजवा हात उचलला. मनगट थरथरलं... थांबलं... आणि वर आलं! पूर्वीसारखा हात नव्हता तो. मधूनच एखादी मात्रा निसटायची. पण बोटं पुडीवर पडली, नि त्याच वेळी बाहेर तळ्यावर पंखांची फडफड झाली. मागच्या ओळीतली आवडाआजी डोळे न उघडता म्हणाली, "लेकी उठल्या गं."

तर बाबांनो, मायबहिणींनो, लिंबाजीचं झालं. आता तुमचं! त्याच्या ओटीत भक्ती खोटी नव्हती, हे विसरू नका. भक्ती सोन्यासारखी होती, तिच्या पोटात शिसं होतं! तुमच्या गावचा ओढा आठवा. त्यात तुम्ही काय काय सोडलंत, चकचकीत रंगाची मूर्ती, जुनी तसबीर, पिशवीसकट निर्माल्य, नि वर हात जोडलेत? पुढच्या वेळी सोडण्याआधी, पाण्याच्या काठावर, एकच क्षण थांबा. स्वतःला विचारा: हेच मी माझ्या लेकराच्या तोंडात घालीन का? नि ओढ्यावरच्या पाखराकडं एकदा मान वळवून बघा. ते काही तरी सांगत असतं.

आता गजर करायचाय. दोन्ही हात वर करा. सगळे! गुरवकाका, तुम्हीही! उचलले? मनगट सरळ राहिलं? बोटं आभाळाकडं गेली?

बघा तरी त्या हातांकडं. काही न मागता केवढं मिळालंय!

आता वाजवा टाळी.