डीलॉस बेटावरून उचललेल्या खापराबाबत

नाव : दीनानाथ पद्माकर दाबके. वय : ७० वर्षे. धंदा : सेवानिवृत्त, पूर्वी पुरातत्त्व खात्यात संरक्षण सहायक. राहणार : मुलाकडे, सेंगकांग, सिंगापूर. लाँग टर्म व्हिजिट पासवर (दीर्घ मुदतीचा राहण्याचा परवाना). मूळ गाव : पुणे. भाषा : मराठी, इंग्रजी समजते, बोलताना अडखळतो. दुभाषी : श्रीमती आर्या. दिनांक १८ सप्टेंबर २०२५, गुरुवार, सकाळी १०.४० पासून.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी मुलगा सौमित्र (वय ४५, बुओना व्हिस्टा येथे सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर), सून अदिती आणि नात इरा (वय १७, ज्युनिअर कॉलेज दुसरे वर्ष) यांच्यासह तीन वर्षांपासून राहतो. माझी पत्नी हयात नाही.

याच कामासाठी मी या पोलीस ठाण्यात आज चौथ्यांदा आलो आहे. पहिल्या वेळी मला सांगण्यात आले की प्रकार सिंगापूरच्या हद्दीत घडलेला नाही. दुसऱ्या वेळी ग्रीसच्या वकिलातीकडे पत्र लिहा असे सांगण्यात आले. पत्र लिहिले, उत्तर आले नाही. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने विचारले, अंकल, घरचे कोणी बरोबर आहे का? मी नाही म्हटले. तिने मला पाणी दिले आणि बस स्टॉप दाखवला. बस स्टॉप मला माहीत होता. आज साहेबांनी बसवून घेतले, म्हणून सांगतो.

आम्ही चौघे ५ जून ते १२ जून ग्रीसमध्ये सहलीला होतो. मुक्काम नॅक्सोस बेटावर होता. आखणी सौमित्रने मोबाईलवर केली होती. मी त्याला जाण्यापूर्वी दोन महिने सांगत होतो की मला समुद्र नको, मला दगड दाखव. तो म्हणाला, "बाबा, सगळं बसवलंय." प्रत्यक्षात पहिल्या दिवशी आगिओस प्रोकोपिओसचा किनारा, दुसऱ्या दिवशी आगिया आन्नाचा किनारा, तिसऱ्या दिवशी प्लाकाचा किनारा झाला. मी फुलपँट घालून छत्रीखाली बसून होतो. चौथ्या दिवशी डिमीटर देवीच्या देवळाकडे निघालो, पण वाटेत जेवायला दोन तास लागले. पोहोचलो तेव्हा फाटक बंद झाले होते. मी जाळीतून पाहिले. त्याच संध्याकाळी बंदराजवळचा संगमरवरी दरवाजा पाहिला. तिथे माणसे दरवाजाकडे पाठ करून फोटो काढत होती. मलाही तसेच उभे करण्यात आले.

मंगळवार, १० जून रोजी बोटीने डीलॉस बेटावर गेलो. या बेटावर वस्ती नाही, सगळे प्राचीन अवशेषच आहेत. मी तरुणपणापासून त्यांचे नकाशे पाहत आलो होतो. बोटवाल्यांनी तीन तास दिले होते. ऊन फार होते. अर्ध्या-पाऊण तासात अदितीला चक्कर आली. सौमित्र तिला धक्क्याजवळच्या सावलीत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बाबा, अर्ध्या तासात आटपा. इरा तुमच्याबरोबर राहील." त्याचे म्हणणे गैर नव्हते. पण मला त्याचा राग आला, हेही खरे आहे.

इरा फोटो काढत होती, म्हणून तिची कापडी पिशवी माझ्या खांद्यावर होती. नाट्यगृहाच्या खालच्या बाजूला पाण्याचे जुने मोठे टाके आहे. तिथे वाटेच्या कडेला दोर बांधलेला आहे. दोराच्या पलीकडे दोन पावलांवर मला मातीत एक खापर दिसले. काळी झिलई, खाली तांबूस पट्टा, लांबी अंदाजे चार सेंटीमीटर. शेजारी तशाच झिलईचा दुसरा तुकडा निम्मा मातीत रुतलेला होता. मी दोर ओलांडला. पहिला तुकडा उचलून दुसऱ्याच्या कडेला लावून पाहिला. तो तंतोतंत बसला.

मी एकतीस वर्षे लेण्यांवर आणि किल्ल्यांवर नोकरी केली आहे. खिशात तुकडे घातलेल्या माणसांना मी थांबवत असे आणि त्यांच्याच हाताने ते परत ठेवायला लावत असे. लहान मुले रडत, तरी लावत असे. त्यामुळे नियम माहीत नव्हता असे माझे म्हणणे नाही.

तेवढ्यात इराने वरून तिच्या सिंगापुरी ढंगात हाक मारली, "आजोबा, अर्धा तास होऊन गेला लाह." खापर माझ्या मुठीत होते. परत ठेवायला वेळ होता. मी ते कागदी रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले आणि दोर ओलांडून वाटेवर आलो. इराला त्या वेळी काही सांगितले नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही सांगितले नाही. घरी नेऊन भिंगाखाली पाहायचे, एवढेच मनात होते.

१२ जून रोजी अथेन्स विमानतळावर तपासणीत ती पिशवी बाजूला काढली गेली. अधिकाऱ्याने रुमाल उघडून पिशवी कोणाची, असे विचारले. इरा म्हणाली, माझी. हे काय आहे, असे विचारल्यावर तिने प्रथम खापराकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिले. मी तिच्यापासून तीन हातांवर होतो. पट्टा परत कमरेला लावत होतो. ती इंग्रजीत म्हणाली की, हे मला बीचवर सापडले, मला वाटले साधा दगड आहे.

तिला आतल्या खोलीत नेले. सौमित्र आणि अदिती बरोबर गेले. मला बाहेर सामानापाशी बसवले. ते दोन तास दहा मिनिटांनी बाहेर आले. खापराचा फोटो काढून ते जप्त केले होते. इराचे नाव, पासपोर्टचा नंबर आणि फोटो नोंदवून घेतला होता. विमान गेले होते. सौमित्र सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तुला अक्कल आहे का? आजोबांनी जन्म घालवला या वस्तू सांभाळण्यात, त्यांच्या देखत हे करतेस? त्यांच्याकडे बघ जरा." तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी काही बोललो नाही.

परत आल्यावर दोन महिने घरात हा विषय निघाला नाही. इरा माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत होती. त्याचा मला जास्त त्रास झाला.

२२ ऑगस्ट रोजी ग्रीसहून इराच्या नावे ईमेल आले. चौकशी सुरू असून तीस दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असे त्यात होते. त्याच आठवड्यात इरा परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरत होती. एका अर्जात तुमच्याविरुद्ध कोणत्याही देशात चौकशी चालू आहे काय, असा प्रश्न होता. सौमित्रने खुलाशाचा मसुदा केला. त्यात मुलगी अजाण आहे, चूक मान्य आहे, असे लिहून खाली तिच्या सहीची जागा सोडली.

रविवार, २४ ऑगस्ट रोजी मी सौमित्रला बसवून सांगितले की खापर मी उचलले. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तिला वाचवताय. मला कळतं. पण हे करू नका."

मी म्हणालो, "अरे, मी खरं सांगतोय."

तो म्हणाला, "कोण विश्वास ठेवेल? तुम्ही पुण्यात जिन्यात सापडलेलं दुसऱ्याचं पेन दारोदार विचारून परत केलंय."

अदितीला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या आधी." त्यानंतर दोघांनी आपसांत ठरवले असावे. कारण मी विषय काढला की ते माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. माझी रक्तदाबाची गोळी वेळेवर दिली जाते की नाही, याची चौकशी होऊ लागली. मी चिडून एकदा ताट सरकवले. तेही माझ्या तब्येतीच्या खाती गेले.

इराला मी एकटीला गाठून विचारले की तू खोटे का बोललीस. तिने दिलेले उत्तर आठवते तसे सांगतो. ती म्हणाली, "आजोबा, तुमचा पट्टा लागत नव्हता. तुम्हाला आत नेलं असतं तर तुम्हाला त्यांच्याशी इंग्रजीत बोलता पण आलं नसतं. मला काय, फक्त ओरडा बसेल असं वाटलं." मी म्हणालो, मी आता खरे सांगणार आहे. ती म्हणाली, "आता बदलू नका. आपण सगळेच खोटारडे वाटू." एवढे बोलून तिने दार लावून घेतले. आतून ती रडत होती की काय, हे मी सांगू शकत नाही.

पुराव्याबाबत विचारल्यावरून सांगतो की, मी आठवणीने काढलेले खापराचे चित्र मापांसह सोबत हजर करीत आहे. समुद्रकिनाऱ्यावर सापडणारे खापर लाटांनी घासून सर्व बाजूंनी गुळगुळीत होते. या खापराच्या तीन कडा झिजलेल्या आहेत, पण चौथी कड धारदार असून तिला करडी माती चिकटलेली होती. म्हणून ते बीचवर सापडणे शक्य नाही. त्याचा जोडतुकडा अजून टाक्याजवळ, दोराच्या तिसऱ्या खांबापासून आत दोन पावलांवर असला पाहिजे. जप्तीच्या वेळच्या फोटोशी माझे चित्र ताडून पाहावे. जोडतुकडा काढून लावून पाहावा. ती जागा इराला ठाऊक नाही. ती वर फोटो काढत होती.

साहेबांनी सौमित्रला फोन करून बोलावले. तो ११.५० ला आला. प्रथम साहेबांना इंग्रजीत म्हणाला की वडिलांची तब्येत बरी नसते, त्रासाबद्दल क्षमा करा. साहेबांनी त्याच्यापुढे माझे चित्र ठेवले. त्याने मोबाईलमध्ये खापराचे छायाचित्र असलेल्या जप्तीच्या कागदाचा फोटो उघडून शेजारी धरला. हा फोटो त्याने मला आजपर्यंत दाखवला नव्हता. तो बराच वेळ दोन्हीकडे पाहत होता. चौथ्या कडेला वरच्या टोकाशी एक छोटा टवका उडालेला आहे. तो चित्रातही आहे, फोटोतही आहे.

त्याने विचारले, "तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

मी म्हणालो, "मी घाबरलो."

तो उठून बाहेर पॅसेजमध्ये गेला आणि इराला फोन लावला. दार उघडे असल्याने मला ऐकू आले. तो तिला म्हणाला, "कॉलेज सुटलं की थेट घरी ये. मी तुला विमानतळावर जे बोललो ना..." पुढचे ऐकू आले नाही. परत आल्यावर त्याने मला सांगितले की जुना मसुदा पाठवणार नाही. नवा खुलासा माझ्या नावाने जाईल, त्याला या जबाबाचे इंग्रजी भाषांतर जोडू. इरा आपला वेगळा जबाब द्यायला येणार आहे. अर्जातल्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र सध्या तिला होय असेच लिहावे लागेल, कारण चौकशी अजून मिटलेली नाही. ते माझ्यामुळे आहे.

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. पासबाबत काही अडचण आली तर पुण्याला परत जाण्याची माझी तयारी आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब पूर्ण झाल्यावर श्रीमती आर्या यांनी तो मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, मी घाबरलो हे वाक्य तपासाला लागत नाही. काढून टाकू का?" मी ते ठेवायला सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे. ऐकून, बरोबर असल्याची खात्री करून, मुलासमक्ष खाली सही करतो.

दीनानाथ पद्माकर दाबके