तळघरातला वास

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या सॅगिनॉ मॉडेल कार क्लबचे प्रमुख श्री. लाइल ओस्टर, युनियनचा हा हॉल आपल्याला दर वर्षी प्रेमाने उघडून देणारे व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्री. एल्डन प्रुइट, वडिलांना न्यायला डुलुथहून गाडी हाकत आलेली त्यांची कन्या कॉलीन, आणि बोटांना कायमचा डिंक लागलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी नोरीन काल्डवेल. मी स्वतः गाड्या बनवत नाही. त्या माझा नवरा व्हर्न बनवतो, मी फक्त गालिच्यातून आरसे आणि वायपर वेचते. तेव्हा आज मला का उभं केलं, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. मला तर कालपासून तेवढंच वाटतंय. 

एल्डनच्या कारागिरीबद्दल लाइल बोललेच. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये स्पार्क प्लगच्या तारा ओढणारा हा माणूस, दार उघडलं तर आतल्या काचेची मूठसुद्धा फिरेल असं वाटायला लावणारा. ते सगळं खरं आहे. पण मी एल्डनना ओळखते ते त्यांच्या नाकामुळे.

आपल्या क्लबची एक रीत आहे. नवा सभासद आला की त्याची पहिली गाडी स्पर्धेच्या टेबलावर येण्याआधी क्लबची माणसं त्याच्या घरी जाऊन तळघर बघून येतात. गाडी बघत नाहीत, तळघर बघतात. व्हर्न नवा होता तेव्हा आमच्याकडे एल्डन आले. रविवारची दुपार होती. मी कॉफी टाकली होती आणि व्हर्न खाली सत्तावन्न सालच्या शेव्हीच्या मॉडेलवर लाल रंग मारत होता. पाहुणे यायच्या आत शेवटचा हात मारून घ्यावा, असा त्याचा विचार. पुठ्ठ्याच्या खोक्याला न्हाणीघरातला जुना पंखा ठोकून त्यानं फवारणीची जागा केली होती आणि तिचा त्याला कोण अभिमान.

एल्डन तळघराच्या दारात आले आणि वरच्याच पायरीवर थांबले. त्यांनी डोळे मिटले, नाकानं एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं प्रार्थना करतायत की काय. मी जिन्यातला दिवा लावायला हात पुढे केला, तर डोळे न उघडताच ते हळूच म्हणाले, "नोरीन, बटणाला हात लावू नकोस. व्हर्न, आहे ते आहे तिथे ठेव आणि वर ये. पंखा बंद करू नकोस. नुसता वर ये."

व्हर्न म्हणाला, "अहो, पण रंग ओला आहे."

"असू दे. तू कोरडा वर ये."

मग ते माझ्या हातातला कॉफीचा कप न घेताच बाहेर गेले, त्यांच्या ट्रकमधून पाना काढला आणि घराबाहेरच्या मीटरपाशी गॅस बंद केला. आमच्या तळघरात त्या खोक्याच्या पलीकडेच पाणी तापवायचा गॅसचा बंब होता. खाली सतत एक निळी ज्योत. रंगातल्या थिनरची वाफ जमिनीलगत पसरते, सरपटत त्या ज्योतीकडे जाते, आणि पेटायला तिला दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते, हे मला अंगणात उभं राहून कळलं. तोपर्यंत मी त्या घरात रोज शांत झोपत होते. खाली बंब आहे, वर आपण आहोत, नवरा छंद करतोय, दारू तर पीत नाही ना, एवढंच माझं गणित.

दारं-खिडक्या उघडून आम्ही तिघं अंगणात थंडीत कुडकुडत होतो. एल्डन व्हर्नला म्हणाले, "तुझा रंग छान बसलाय. आणखी थोडा वेळ मारला असतास तर तूही छताला छान बसला असतास." व्हर्न हसला. मला हसू आलं नाही. मला अजूनही येत नाही.

या हॉलमधल्या कितीतरी बायकांनी मला सांगितलंय, आमच्याकडेही एल्डन असेच पायरीवर थांबले होते. आज आपण इथे आपापल्या नवऱ्यांसकट बसलोय, यात त्या नाकाचा वाटा मोठा आहे. टाळ्या नंतर वाजवा, माझं अजून व्हायचंय.

आता यापुढचं मी बोलू नये असं व्हर्नचं मत आहे. तो तिकडे उभा राहून मान हलवतोय, दिसतोय मला. व्हर्न, बस खाली.

गेल्या हिवाळ्यात एल्डनना ताप आला होता, आठवतं? त्यानंतर मी दर आठवड्याला त्यांच्याकडे सूप घेऊन जायची. एकदा माझं सूप करपलं होतं आणि त्यांनी त्याची तोंड भरून तारीफ केली. एल्डननी तारीफ केली, तिथेच मला शंका यायला हवी होती. मग मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागलं तेव्हा, मी मागच्या दारानं आत शिरले आणि स्वयंपाकघरातच माझे डोळे चुरचुरले. थिनर. घरभर थिनर. आणि तळघरातून शीळ ऐकू येत होती.

मी जिन्यात गेले. खाली एल्डन टेबलाशी बसून एका जुन्या स्टेशन वॅगनवर निळा रंग मारत होते, निवांत. पंखा बंद पडलेला. पलीकडे बंब, आणि बंबाखाली ती ज्योत. मला बघून म्हणाले, "आलीस? ये, बघ हा निळा कसा उतरलाय. थांब, मोठा दिवा लावतो."

मी म्हटलं, "एल्डन, बटणाला हात लावू नका. आहे ते ठेवा आणि वर या."

ते हसले. म्हणाले, "काय झालं गं?"

"वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला वास?"

मंडळी, मला आयुष्यात बऱ्याच गोष्टींची भीती वाटली आहे. पण त्या दोन शब्दांइतकी कशाचीच वाटली नाही. त्यांच्या ट्रकमधला पाना मीच काढला, मीटरपाशी गॅसही मीच बंद केला, पाना दोनदा निसटला तरी. एल्डन अंगणात उभे होते, हातात ती निळी गाडी. त्यांचं नाक तापात गेलं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, "येईल परत. डॉक्टर म्हणाले, काहींचं येतं." मी विचारलं, "आणि नाही आलं तर?" ते हातातल्या गाडीचा निळा रंग निरखू लागले.

कॉलीन, एवढं तुला माहीत आहे. म्हणूनच तू त्यांना घेऊन चालली आहेस. त्यांनी तुला शब्द दिलाय की तुझ्याकडे फक्त जोडकाम करतील, रंग नाही. पण गुरुवारी आम्ही सामान बांधायला गेलो होतो. लोकरीचे कपडे असं लिहिलेलं एक खोकं व्हर्न उचलायला गेला आणि त्याची कंबर धरली. इतकी जड लोकर मिशिगनमध्येसुद्धा मिळत नाही. मी वरचे स्वेटर बाजूला केले. खाली रंगाच्या फवाऱ्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर होता, टॉवेलात नीट गुंडाळलेला. ते खोकं आता तुझ्या गाडीत आहे.

कॉलीन, तू त्यांना तळघरातली खोली दिली आहेस. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या शेजारची. डुलुथच्या थंडीत ती भट्टी वसंतापर्यंत विझत नाही आणि खिडकी कोणी उघडत नाही. आणि वर तुझ्या मुली झोपतात. गुरुवारपासून मला झोप नाही. डोळा लागला की शीळ ऐकू येते.

व्हर्न म्हणाला, समारंभात नको, म्हाताऱ्याचा अपमान होईल. असेल. एल्डन, तुम्ही यानंतर माझ्याशी बोलला नाहीत तर मला ते सोसेल. पण डुलुथहून फोन आला तर ते सोसणार नाही. म्हणून मी इथे, सगळ्यांच्या देखत, तुमच्याकडे मागते. ते खोकं आम्हाला द्या.

एल्डन उठलेत. वाट द्या त्यांना, जरा खुर्च्या सरकवा. मला काही वाईट बोलणार असाल, एल्डन, तर बोला, मी इथेच उभी आहे.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल तर सांगते, ते म्हणाले, "खोक्यात नुसता कॉम्प्रेसर आहे. त्याचा काय उपयोग? हा माझ्याकडे होता." आणि कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी त्यांचा रंग फवारायचा एअरब्रश काढून इथे टेबलावर ठेवलाय. आपल्या सगळ्यांना माहीत असलेला, मुलामा झिजून आतलं पितळ दिसणारा.

आणखी काय? मोठ्यानं सांगू? बरं. ते म्हणतात, "नवी जागा आहे. आधी कुणीतरी येऊन तळघर बघायला पाहिजे. क्लबचा नियम माझ्यासाठी वेगळा नाही. नोरीन येईल, पायरीवर थांबेल. ती हो म्हणाली तर रंग, नाही म्हणाली तर नाही. तोवर हा तिच्याकडे."

मी येईन, एल्डन. आणि मी नाही म्हणणार आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

हा अजून गरम आहे. सबंध संध्याकाळ त्यांच्या छातीशी होता. तो इथे सोडून जायला आणला होता की बरोबर न्यायला, ते मी त्यांना विचारणार नाही.

लाइल, तुम्ही मला वेळ दिलात, हॉलच्या मंडळींनी माइक दिला, कॉलीन, तू न रडता ऐकलंस, सगळ्यांचे आभार. सत्काराच्या भाषणात जे बोलायचं नसतं ते मी बोलले, चुकलंमाकलं असेल ते पोटात घाला. व्हर्न, आता खरंच ऊठ, आणि कॉलीनच्या गाडीतून ते खोकं उतरवून घे. आणि बाकीचे, आज घरी गेलात की दिवा लावण्याआधी तळघराच्या वरच्या पायरीवर जरा थांबा आणि एक श्वास घ्या. आजपासून ते तुमच्यासाठी कोणी येऊन करणार नाही.