भरतीचं नाव

हॅलो? दवाखाना… हो, गुन्वोरच बोलतेय. कोण, वहिनी? अगं, आधी रडणं थांबव, मला एक शब्द कळत नाहीये… हो, हो, ऐकला निकाल. दादाच्या पक्षाला गावच्या परिषदेत एकच जागा मिळाली, आणि तीही आमच्या डॉक्टर तेकलेंना गेली. ऐकलं ना…

चोरली? कुणी चोरली? अगं ऐक ना… ऐक! पक्षाच्या उमेदवारांची यादी कुणी केली? तुझ्याच स्वयंपाकघरात बसून केलीत ना? सगळ्यात वर दादा, सगळ्यात खाली डॉक्टर. का, तर यादीच्या भरतीला एक नाव कमी पडत होतं! याच खिडकीशी उभा राहून दादा म्हणाला होता, "डॉक्टर, नुसतं नाव द्या, निवडून यायची मुळीच भीती नाही." माझ्या देखत… मग? लोकांनी डॉक्टरांच्या नावापुढे फुल्या मारल्या. पसंतीच्या फुल्या मारायला मुभा आहे, मारल्या; ज्याला जास्त फुल्या, तो यादीत वर. दादाच्या नावापुढे मारायला कुणी हात धरला होता का?

परका? तुझी धाकटी वादळात जन्मली, बेटावरून इस्पितळात न्यायची बोट बंद, आणि तिला डॉक्टरांच्याच हातांनी… तेव्हा नाही वाटले परके?

हो, माहीत आहे कुठून आले ते. एरिट्रियाची डॉक्टरकी इथे चालेना, म्हणून इथल्या परीक्षा पास होईपर्यंत दादाच्या कारखान्यात उभं राहून मासे कापत होते. दादा त्यांना 'प्रोफेसर' म्हणून हाका मारायचा, आणि तुम्ही सगळे खिदळायचात.

काय? समाजसेवा मतांसाठी केली? अगं, किनारा साफ करायच्या श्रमदानाचं पहिलं बोलावणं आलं, तेव्हा ते सूट-टाय घालून आले होते! त्यांना वाटलं, सरकारी समारंभ आहे. आणि त्याच सुटात गुडघाभर शेवाळ उपसलं. दादा कुठे होता? खाण्यापिण्याच्या, वॅफलच्या टेबलाशी, हातात फावडं धरून फोटो काढून घेत होता. फावडं कोरडं… तेव्हापासून दर वसंतात श्रमदान डॉक्टरच चालवतात. म्हाताऱ्या कोळ्यांना पोहायला कुणी शिकवलं? जन्म समुद्रावर गेला आणि पोहता येत नव्हतं! दादानं काय शिकवलं कुणाला?

मी सांगू? त्यांना? जागा सोडा म्हणून?… अगं, निवडून आल्यावर असं नको म्हणता येत नाही. तब्येतीचं कारण लागतं… हो, डॉक्टरचा दाखला. आणि तो कोण देणार? गावात डॉक्टर किती? मग त्यांनी स्वतःची नाडी धरून स्वतःलाच आजारी ठरवायचं?… हसत नाहीये मी… बरं, हसतेय.

नाही, त्यांना नकोच होतं हे. सकाळी तोंड एवढंसं करून बसले होते. मग मीच आठवण दिली, पुढच्या बैठकीत इथली बाळंतपणाची खोली बंद करायचा ठराव आहे. एका मतावर अडलंय… दादा 'हो' म्हणणार होता ना? हो, काटकसर! बायकांनी कळा देत बोटीत बसायचं, आणि दादानं काटकसर करायची! त्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "बैठकीला टाय लागतो का?"

मी? मी कुणाला…

मारली फुली. डॉक्टरांच्याच नावापुढे. सख्खी बहीण, हो… हो, ऐकू दे त्याला. फोन स्पीकरवर ठेव, हवं तर…

काय झालं? बसलाय ना तो?… गरगरतंय? कधीपासून? निवडणुकीच्या धांदलीत रक्तदाबाच्या गोळ्याच घेतल्या नाहीत? शाबास! आण त्याला, आत्ता. गाडी तू चालव…

"त्याच्याकडे येणार नाही" म्हणतो? मग कुणाकडे जाणार, पक्षाच्या अध्यक्षाकडे?… लाज वाटते तर मागच्या दारानं आण. डॉक्टर आहेत आत, मी सांगते त्यांना.

नाही गं, थांबावं लागणार नाही. आजच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर लिहिते.

…हो, नक्की. या यादीत फुल्या नसतात. ठेव, आणि नीघ!